ईथरच्या ४२ वर्षं आधी जपानच्या एका खेड्यात धोतऱ्याची भूल देऊन स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं

धोतरा म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे महाशिवरात्र. बेलाच्या पानासोबत धोतऱ्याचं पांढरं फूल महादेवाला वाहिलं जातं. आणि दुसरी म्हणजे लहानपणी मिळालेली तंबी, की या झाडाला हात लावायचा नाही. धोतऱ्याचं बी पोटात गेलं की माणूस बरळायला लागतो, त्याला भलतंसलतं दिसायला लागतं आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो.

पण याच धोतऱ्यावर एका जपानी डॉक्टरानं तब्बल २० वर्षं काम केलं. त्यातून एक असं औषध बनवलं की ते प्यायल्यावर माणूस कित्येक तास बेशुद्ध राहायचा आणि शरीरावर सुरी चालली तरी त्याला समजायचं नाही.

त्या औषधाच्या जोरावर त्यानं १८०४ साली एका ६० वर्षांच्या बाईच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली. जगाच्या इतिहासात पूर्ण भूल देऊन केलेल्या ऑपरेशनची जी पहिली विश्वासार्ह नोंद सापडते, ती याच ऑपरेशनची असं अनेक अभ्यासक मानतात.

त्या डॉक्टरचं नाव हानाओका सेइशू.

जपानमध्ये हे नाव मोठ्या आदरानं घेतलं जातं. त्यांच्यावर कादंबरी आली, सिनेमा आला. पण ही गोष्ट एकट्या डॉक्टरच्या हुशारीची नाही. या औषधाची किंमत त्यांच्या घरातल्या दोन बायकांनी मोजली असं सांगितलं जातं. एक होती त्यांची आई आणि दुसरी त्यांची बायको.

तर नेमकं काय झालं होतं ते पाहूया.

त्यासाठी आधी त्या काळातलं ऑपरेशन म्हणजे काय प्रकार होता हे समजून घ्यावं लागेल.

आज ऑपरेशन म्हटलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, भूल पूर्ण देणार की अर्धी? पण दोनशे वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. युरोपातल्या मोठमोठ्या शहरांतसुद्धा पेशंटला दारू पाजायची, फार तर अफू द्यायची, चार धडधाकट माणसांनी हातपाय धरायचे आणि सर्जननं शक्य तितक्या लवकर काम उरकायचं, अशी पद्धत होती. चांगला सर्जन कोण, तर ज्याचा हात सगळ्यात वेगानं चालतो तो.

याचं सगळ्यात अंगावर येणारं वर्णन फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेनं करून ठेवलं आहे. १८११ साली पॅरिसमध्ये तिच्या राहत्या घरात तिचा स्तन काढण्यात आला. ऑपरेशन करणाऱ्यांमध्ये नेपोलियनच्या सैन्याचा नामांकित सर्जन डॉमिनिक लारे होता. म्हणजे त्या काळातला सर्वात चांगला डॉक्टर तिला मिळाला होता. पण भूल नव्हती. तिला फक्त वाइनमिश्रित पेय देण्यात आलं. पुढे काही महिन्यांनी तिनं बहिणीला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्या यातना नोंदवून ठेवल्या. फॅनी बर्नी त्यानंतर २९ वर्षं जगली, पण ते पत्र लिहितानाही आपला थरकाप होत होता हे तिनं लपवलं नाही.

आता गंमत बघा. पॅरिसमध्ये हे होत होतं तेव्हा जपानच्या एका कोपऱ्यातल्या खेड्यात, त्याच आजाराच्या बायका औषध पिऊन गाढ बेशुद्ध व्हायच्या आणि गाठ निघाल्यावर जाग्या व्हायच्या. आणि युरोपला याचा पत्ताही नव्हता.

सेइशू यांचा जन्म १७६० सालचा. गाव हिरायामा, प्रांत की. आजच्या हिशेबानं वाकायामा प्रीफेक्चरमधलं किनोकावा शहर. घरात वैद्यकी पिढीजात होती. आजोबा वैद्य, वडील वैद्य. साहजिकच सेइशूही त्याच वाटेला लागले.

तेव्हाचा जपान म्हणजे कुलूप लावलेलं घर होतं. तोकुगावा शोगुनांनी परदेशी लोकांना देशात यायला आणि जपानी लोकांना देशाबाहेर जायला बंदी घातली होती. युरोपीय लोकांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना मुभा होती, तीही नागासाकीजवळच्या देजिमा नावाच्या एका चिमुकल्या कृत्रिम बेटापुरती. पण त्या बेटावर डच जहाजांसोबत डॉक्टर यायचे, पुस्तकं यायची. त्यातून युरोपातल्या सर्जरीचं ज्ञान थेंबाथेंबानं जपानमध्ये झिरपत होतं. १७७४ साली सुगिता गेनपाकू आणि त्यांच्या सोबत्यांनी शरीररचनेवरच्या डच पुस्तकाचं जपानी भाषांतर छापलं, तेव्हा तर तिथल्या वैद्यांमध्ये खळबळ माजली.

सेइशू मोठे झाले ते याच काळात. १७८२ साली ते शिकायला क्योतोला गेले. तिथं त्यांनी दोन वेगवेगळ्या गुरूंकडे दोन वेगवेगळ्या विद्या शिकल्या. एकाकडे जुन्या चिनी परंपरेतलं औषधशास्त्र आणि दुसऱ्याकडे डच वळणाची सर्जरी. त्या काळात हे दोन पंथ एकमेकांकडे संशयानं बघायचे. सेइशू यांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. पोटात घ्यायचं औषध आणि बाहेरून करायचा उपचार या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत आणि पेशंटला दोन्हींची गरज असते, असं ते मानायचे. पुढे त्यांनी जे काही केलं त्याचं मूळ या एका विचारात आहे.

क्योतोत असताना त्यांच्या डोक्यात दोन गोष्टींनी घर केलं.

पहिली होती हुआ तुओ या चिनी वैद्याची कथा. हा वैद्य दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला. त्याच्याकडे एक चूर्ण होतं आणि ते दारूतून दिलं की पेशंट बेशुद्ध व्हायचा, मग हुआ तुओ त्याचं पोट उघडून ऑपरेशन करायचा असं सांगितलं जायचं. पुढे सत्ताधीश त्साओ त्साओनं त्याला मारलं आणि त्याच्यासोबत ते चूर्णही गेलं. चूर्णात काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. नाव तेवढं उरलं होतं.

दुसरी गोष्ट होती एका जपानी वैद्याच्या प्रवासवर्णनवजा पुस्तकातली नोंद. त्यात लिहिलं होतं की पश्चिमेकडचे डॉक्टर स्तनातली गाठ कापून काढतात.

ही नोंद सेइशू यांना महत्त्वाची का वाटली? कारण जपानमध्ये तेव्हा समज होता की स्तन हा बाईच्या जिवाचाच भाग आहे, त्यावर शस्त्र चालवलं की ती मरणार. त्यामुळे स्तनात गाठ आली की वैद्य हात टेकायचे. या आजाराला जपानीत शब्द होता न्यूगान, म्हणजे स्तनातला खडक. आपण कर्करोग म्हणतो तेव्हा त्यात कर्क म्हणजे खेकडा असतो, जपान्यांना ती गाठ दगडासारखी वाटली. हाताला दगडासारखी लागणारी, वाढत जाणारी आणि शेवटी बाईला घेऊन जाणारी.

सेइशू यांना हा खडक फोडायचा होता. पण भूल दिल्याशिवाय एवढं मोठं ऑपरेशन करणं म्हणजे पेशंटला यातनांनीच मारण्यासारखं होतं. म्हणून आधी भूल, मग ऑपरेशन असं त्यांनी ठरवलं.

१७८५ साली ते गावी परतले आणि वडिलांच्या दवाखान्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. दिवसभर पेशंट आणि उरलेल्या वेळात झाडपाल्याचे प्रयोग. हे वर्षानुवर्षं चाललं.

त्यांच्या औषधाचं नाव होतं त्सूसेनसान. त्यातला मुख्य घटक आपला ओळखीचा धोतरा. जपानीत त्याला एक नाव आहे मांदारागे. बौद्ध ग्रंथांमधून चीनमार्गे जपानला पोहोचलेला हा शब्द मुळात संस्कृतमधल्या मांदारव या फुलाच्या नावावरून आलाय.

दुसरा घटक होता बचनागाच्या जातीचं मूळ. बचनाग किती जहाल असतो हे आयुर्वेदाची थोडी जरी माहिती असेल तर वेगळं सांगायला नको. याशिवाय त्यात आणखी चार वनस्पती असायच्या, त्या चिनी औषधांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या. सगळं कुटून, पाण्यात उकळून काढा करायचा आणि तो गरम गरम पाजायचा. दोन ते चार तासांत पेशंट बेशुद्ध. डोस किती आहे त्यावर ही बेशुद्धी ६ तासांपासून अगदी २४ तासांपर्यंत टिकायची.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण यातली गोम समजून घ्या.

धोतऱ्यात स्कोपोलामाइन, हायोसायमाइन आणि अ‍ॅट्रोपिन ही द्रव्यं असतात. ती मेंदूवर काम करतात, माणसाला गुंगी येते, आठवण राहत नाही. पण त्याच वेळी हृदयाचे ठोके वाढतात, तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. बचनागातलं अ‍ॅकोनिटिन थेट हृदयाची लय बिघडवतं. म्हणजे डोस थोडा कमी पडला तर पेशंट ऑपरेशनच्या मधेच जागा होणार आणि थोडा जास्त झाला तर परत उठणारच नाही. बरं, झाडपाल्यात द्रव्याचं प्रमाण दरवेळी सारखं नसतं. जमीन बदलली, हंगाम बदलला की ताकद बदलते. आज भूलतज्ज्ञ पेशंटच्या उशाशी बसून मिनिटामिनिटाला औषध कमीजास्त करतात. सेइशू यांच्याकडे ती सोय नव्हती. एकदा काढा पोटात गेला की तो परत काढता येत नव्हता.

म्हणून नेमकं प्रमाण सापडणं हीच खरी लढाई होती. आधी कुत्र्यामांजरांवर प्रयोग झाले असं सांगतात. पण जनावराला चाललेला डोस माणसाला चालेलच असं नाही. कधीतरी माणसावर करून बघावं लागणारच होतं.

इथं गोष्टीत येतात त्यांची आई ओत्सुगी आणि बायको काए.

परंपरेनं चालत आलेली माहिती अशी की या दोघी स्वतः पुढे आल्या आणि औषध आपल्यावर करून बघा म्हणाल्या. दोघींनी ते अनेकदा घेतलं. पुढे आईचा मृत्यू झाला आणि काएची दृष्टी गेली. या दोन्हीला ते प्रयोगच कारणीभूत होते असं मानलं जातं. काएच्या बाबतीत आजचं वैद्यकशास्त्रही त्याला दुजोरा देऊ शकेल असं एक कारण दाखवतं. धोतऱ्यातल्या द्रव्यांनी बाहुली विस्फारते आणि ज्यांच्या डोळ्याची ठेवण मुळात अरुंद कोनाची असते, त्यांच्या डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. काचबिंदूचा असा झटका वेळेत आवरला नाही तर दृष्टी जाते.

१९६६ साली सावाको आरियोशी या जपानी लेखिकेनं या घरावर कादंबरी लिहिली. नावातच डॉक्टर नाही तर त्याची बायको आहे. आरियोशी स्वतः वाकायामाच्या. त्यांनी या कथेत सासू-सुनेची चुरस रंगवली. मुलासाठी, नवऱ्यासाठी जास्त त्याग कोण करणार यावरून दोघींमध्ये गोड बोलून चाललेलं युद्ध. कादंबरी तुफान गाजली, पुढच्याच वर्षी यासुझो मासुमुरा यांनी त्यावर सिनेमा काढला. आज जपानमध्ये बहुतेक लोकांना सेइशू यांची ओळख या कादंबरीमुळे आहे. त्यातली चुरस ही लेखिकेची कल्पना आहे हे मात्र लक्षात ठेवायला हवं. त्या दोघींनी स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नाही. ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलं, त्यांचं म्हणणं इतिहासाच्या कागदावर कुठंच नाही.

आणि इथंच एक अवघड प्रश्न उभा राहतो. त्यांनी होकार दिला असं आपण म्हणतो. पण अठराव्या शतकातल्या जपानी घरातली सून नवऱ्याच्या कामाला नकार देऊ शकत होती का? धोका किती आहे हे तिला कुणी सांगितलं होतं का? मुळात तो डॉक्टरलाच माहीत नव्हता. आज कुठल्याही औषधाची माणसावर चाचणी घ्यायची तर लेखी संमती लागते, त्या माणसाला कधीही बाहेर पडायची मुभा असते आणि डॉक्टरनं घरच्यांवर प्रयोग करणं तर सरळ चुकीचं मानलं जातं. हे नियम जगानं फार उशिरा, विसाव्या शतकात, दुसऱ्या महायुद्धातले अमानुष प्रयोग उघडकीला आल्यावर लिहून काढले. सेइशू यांच्या काळात यातलं काहीच नव्हतं.

शेवटी १८०४ साल उजाडलं.

सेइशू यांच्याकडे एक बाई आली. नाव कान, घराणं आइया, गाव शेजारच्या यामातो प्रांतातलं गोजो. वय ६० वर्षं. स्तनात मोठी गाठ. तिच्या घरात याच आजारानं आधीही मृत्यू झाले होते, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं ऑपरेशनला तयारी दाखवली.

पण सेइशू यांनी लगेच सुरी हातात घेतली नाही. कानला बेरीबेरीचाही त्रास होता. आधी त्यांनी त्यावर उपचार केले, तिची तब्येत ऑपरेशन झेलण्याइतकी सुधारू दिली आणि मगच भूल दिली. आज आपल्याकडे ऑपरेशनच्या आधी शुगर बघतात, बीपी बघतात, हिमोग्लोबिन कमी असेल तर वाढवतात, फिटनेस मिळाल्याशिवाय तारीख देत नाहीत. ऑपरेशनच्या आधी, ऑपरेशन चालू असताना आणि नंतर घेतलेली ही सगळी काळजी म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पेरिऑपरेटिव्ह केअर. हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी सेइशू तेच करत होते.

जपानी पंचांगानुसार दहाव्या महिन्याचा तेरावा दिवस. इंग्रजी कॅलेंडरनं १४ नोव्हेंबर १८०४. कानला त्सूसेनसान पाजण्यात आलं. ती पूर्ण बेशुद्ध झाल्यावर सेइशू यांनी त्वचेला छेद देऊन गाठ काढली. त्यांनी पूर्ण स्तन काढला नाही, गाठीपुरतं ऑपरेशन केलं. काही तासांनी कान शुद्धीवर आली.

ती जिवंत होती. स्तनावर शस्त्र चालवलं की बाई मरते हा शेकडो वर्षांचा समज त्या दिवशी मोडला.

सेइशू यांच्याकडे या केसची नोंद ठेवली गेली आणि ती आजही जपून ठेवलेली आहे. गाठ कशी होती, उपचार कसे झाले हे त्यात आहे. मात्र हे ऑपरेशन नक्की कुठल्या वर्षी झालं यावरून बरीच वर्षं गोंधळ होता, अनेक जण १८०५ धरून चालले होते. हिरोसाकी विद्यापीठातले भूलतज्ज्ञ आणि वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक अकितोमो मात्सुकी यांनी तो सोडवला. त्यांनी मंदिरातली मृतांची नोंदवही शोधली. त्यात कानच्या मृत्यूची तारीख मिळाली आणि ती १८०५ च्या सुरुवातीची निघाली. म्हणजे ऑपरेशन त्याआधीच्या वर्षी, १८०४ मध्ये झालेलं होतं.

पण याच नोंदीनं दुसरी गोष्टही सांगितली. कान ऑपरेशननंतर जेमतेम चार महिने जगली.

मग याला यश म्हणायचं का? भूल यशस्वी झाली, ऑपरेशन यशस्वी झालं, पण आजार आधीच खूप पुढे गेला होता. सेइशू यांच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेकदा गाठ मोठी झाल्यावरच यायच्या. तेव्हा मॅमोग्राफी नव्हती, केमोथेरपी नव्हती, रेडिएशन नव्हतं. जे होतं ते एवढंच की गाठ काढायची आणि जखम भरून आणायची.

तरीही बातमी पसरली. जपानच्या कानाकोपऱ्यातून बायका हिरायामाची वाट धरायला लागल्या. १८३५ साली मृत्यू होईपर्यंत सेइशू यांनी स्तनाच्या कॅन्सरची दीडशेहून जास्त ऑपरेशनं केली. त्यांच्याकडे या पेशंट्सच्या नावांची यादी होती. पुढे अभ्यासकांनी त्यातल्या ज्यांच्या मृत्यूच्या तारखा सापडल्या त्यांचा हिशेब मांडला. कुणी ऑपरेशननंतर फक्त ८ दिवस जगलं होतं, तर कुणी तब्बल ४१ वर्षं. सरासरी निघाली साडेतीन वर्षांच्या आसपास. कुठलंही दुसरं औषध हाताशी नसताना, गावातल्या दवाखान्यात मिळालेला हा निकाल आजही डॉक्टरांना थक्क करतो.

सेइशू फक्त स्तनाच्या कॅन्सरवर थांबले नाहीत. मूतखडे काढणं, सडलेला हात किंवा पाय कापणं अशी मोठी ऑपरेशनंही त्यांनी याच भुलेखाली केली. त्यासाठी लागणारी हत्यारं त्यांनी स्वतः सुधारून घेतली. ऑपरेशननंतरच्या काळजीकडेही त्यांचं तितकंच लक्ष होतं. जखमेवर लावायचं त्यांचं जांभळ्या रंगाचं मलम, शिउनको, जपानमध्ये आजही औषधांच्या दुकानात मिळतं. त्वचेच्या आजारांवरचा त्यांचा दहा औषधींचा काढाही तिथले डॉक्टर आजही लिहून देतात. पण ज्या भुलेच्या काढ्यानं त्यांचं नाव झालं तो मात्र आता कुणीच वापरत नाही.

त्यांच्या घराला लागूनच दवाखाना आणि शाळा होती, नाव शुनरिनकेन. पेशंट तिथेच राहायचे, विद्यार्थीही तिथेच राहायचे. देशभरातून एक हजाराहून जास्त विद्यार्थी त्यांच्या परंपरेत शिकून गेले. की प्रांताच्या सरदारानं त्यांना सामुराईचा दर्जा दिला, पुढे आपल्या पदरी वैद्य म्हणूनही नेमलं. पण सेइशू यांनी गाव सोडलं नाही, साध्या माणसांवर उपचार करणं शेवटपर्यंत चालू ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं होतं तर भुलेचा शोध म्हटल्यावर पुस्तकात अमेरिकेचं नाव का येतं?

१६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानं ईथर देऊन पेशंटला बेशुद्ध केलं आणि सर्जननं त्याच्या मानेवरची गाठ काढली. हे भर सभागृहात, डॉक्टरांच्या समोर झालं. काही महिन्यांत बातमी युरोपभर पोहोचली आणि पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्मही आलं. आधुनिक भूलशास्त्र सुरू झालं ते तिथून.

सेइशू यांचं काम ४२ वर्षं आधीचं असूनही मागे राहिलं, याची कारणं सरळ आहेत.

पहिलं कारण, देशाचे दरवाजे बंद होते. जपानमधली बातमी बाहेर जायला वाटच नव्हती.

दुसरं कारण, गुप्तता. त्सूसेनसान चुकीच्या हातात पडलं तर लोक मरतील ही भीती होती. त्यामुळे शिष्यांकडून शपथ घेतली जायची की हे ज्ञान बाहेर सांगायचं नाही. होनमा गेनचो नावाच्या एका हुशार शिष्यानं पुढे ते पुस्तकात छापलं, तर त्याचं शिष्यपद काढून घेण्यात आलं. भीती खोटी नव्हती. पण जे ज्ञान दहा ठिकाणी तपासलं जात नाही, ते सुधारतही नाही.

तिसरं कारण खुद्द औषधातच होतं. ईथर हुंगवलं की काही मिनिटांत पेशंट बेशुद्ध आणि बाजूला केलं की थोड्या वेळात शुद्धीवर. त्सूसेनसानला दोन ते चार तास लागायचे आणि मग दिवसभर वाट बघत बसायचं. १८५० च्या दशकात जपानचे दरवाजे उघडले, ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि काढा मागे पडला.

म्हणूनच कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर धोतऱ्यानं कॅन्सर बरा होतो असं फॉरवर्ड केलं तर ते सरळ डिलीट करा. सेइशू यांनी धोतऱ्यानं कॅन्सर बरा केला नव्हता. त्यांनी धोतऱ्यानं वेदना थांबवली आणि कॅन्सर सुरीनं काढला. आणि तो काढा इतका धोकादायक होता की तो बनवणाऱ्याच्या घरातच त्याची झळ बसली.

पण भूल आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंध सेइशू यांच्यासोबत संपला नाही. उलट गेल्या काही वर्षांत तो प्रश्न नव्यानं विचारला जातोय. भूल फक्त वेदना थांबवते की कॅन्सर परत येण्यावरही तिचा परिणाम होतो?

हा प्रश्न येतो कुठून? ऑपरेशनच्या वेळी गाठीला हात लागतो, शरीरावर ताण येतो, प्रतिकारशक्ती थोडा वेळ मंदावते. या काळात कॅन्सरच्या काही पेशी निसटून शरीरात दुसरीकडे जाऊन बसत असतील का, अशी शंका संशोधकांना होती. २०१९ साली लॅन्सेट या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अनेक देशांतल्या दोन हजारांहून जास्त महिलांवर तो झाला. काहींना नेहमीची वायूची भूल दिली, काहींना पाठीच्या मणक्याशेजारी बधिर करणारं इंजेक्शन आणि शिरेतून झोपेचं औषध. निकाल असा आला की कॅन्सर परत येण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, साधारण १० टक्के. म्हणजे भुलेचा प्रकार बदलून फरक पडला नाही.

दुसरा अभ्यास मात्र वेगळं बोलला, आणि तो आपल्या मुंबईतून आला. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांमध्ये १,५८३ महिलांवर हा अभ्यास झाला. यात पूर्ण भूल सगळ्यांनाच होती. पण निम्म्या महिलांना गाठ काढायच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीच्या चारही बाजूंनी लिडोकेनचं इंजेक्शन दिलं गेलं. लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला देतात तेच साधं, स्वस्त औषध. पाच वर्षांनी बघितलं तर इंजेक्शन न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के महिला हयात होत्या, इंजेक्शन दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के. आजार परत न येता राहिलेल्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेलं. २०२३ साली हा अभ्यास जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीमध्ये छापून आला. दुसऱ्या देशांमध्ये असाच निकाल येतो का हे तपासलं पाहिजे असं तज्ज्ञ म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण काही मिनिटांचं, अगदी कमी खर्चाचं काम शंभरातल्या तीन-चार जणींचा जीव वाचवत असेल, तर आपल्यासारख्या देशासाठी ती फार मोठी गोष्ट आहे.

सेइशू यांच्या काळापासून आणखीही बरंच बदललं. मधली शंभर वर्षं स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळं काढून टाकायची पद्धत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिलं की सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर असेल तर गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुष्य तितकंच मिळतं. त्यामुळे आज अनेक महिलांचा स्तन वाचवता येतो. अट एकच, गाठ लवकर सापडली पाहिजे. कानच्या वेळी उशीर झाला होता. तसा उशीर आजही आपल्याकडे होतो, कधी लाजेपोटी, कधी भीतीपोटी तर कधी घरातली कामं उरकत नाहीत म्हणून.

सेइशू १८३५ साली वारले. काए त्यांच्या सहा वर्षं आधी, १८२९ साली गेली होती. किनोकावामध्ये शुनरिनकेनची वास्तू पुन्हा उभारलेली आहे, लोक ती बघायला जातात. जपानच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या बोधचिन्हात धोतऱ्याचं फूल घेतलंय.

टाटाच्या अभ्यासातल्या १,५८३ महिलांना आपण कशासाठी सही करतोय हे आधी समजावून सांगितलेलं होतं आणि नाही म्हणायचा हक्कही त्यांना होता. काए आणि ओत्सुगी यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. औषधं शोधणाऱ्यांची नावं पुस्तकात येतात, पण ती औषधं आपल्यापर्यंत पोहोचतात ती आधी आपल्या शरीरावर करून बघू देणाऱ्या माणसांमुळे. पुढच्या वेळी घरातल्या कुणाला भूल देण्याआधी डॉक्टर संमतीचा कागद पुढे करतील, तेव्हा तो नुसता सही करून परत देऊ नका. नीट वाचा, शंका विचारा. तो हक्क फार उशिरा आणि फार महाग मिळालाय.